वाचकांचे प्रश्न : सोळा सभासद, दोन बोर्ड आणि एक हंगाम

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी स्कॉटलंडला आहे. तिथे तो कर्लिंग क्लबचा सभासद झालाय. परवा त्याने क्लबचं वेळापत्रक पाठवलं. शरद ऋतूपासून मार्चपर्यंत लीगचे सामने, मध्येच जोड्यांची स्पर्धा, पॉइंट्सची स्पर्धा, शेवटी क्लबचं अजिंक्यपद. आमच्या सोसायटीत आम्ही सोळा जण कॅरम खेळतो, बोर्ड दोन आहेत. दरवर्षी गणपतीत स्पर्धा होते आणि मग वर्षभर सामसूम. असा हंगाम आम्हाला लावता येईल का? – एक वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. गेली बावीस वर्षं मी साताऱ्यातल्या एका छोट्या कॅरम क्लबच्या वह्या लिहितोय, आणि तुम्ही विचारलंत तेच आम्हाला शिकायला पाच-सहा वर्षं लागली.

आधी तुमच्या मुलाच्या खेळाविषयी, कारण तो आपल्या कॅरमचा लांबचा भाऊच आहे. चार-चार जणांचे दोन संघ. ग्रॅनाइटचे दगड, एकेक १७ ते २० किलोंचा, बर्फावरून सरकवत समोरच्या वर्तुळात न्यायचे. प्रत्येक जण दोन दगड टाकतो, म्हणजे एका डावात सोळा. वर्तुळाच्या मध्याला ज्याचा दगड सगळ्यांत जवळ, त्याच संघाला गुण, दुसऱ्याला शून्य. आपल्याकडेही बोर्ड, म्हणजे एक डाव, जिंकणाऱ्यालाच गुण मिळतात, हरणाऱ्याने आठ सोंगट्या घेतल्या असल्या तरी. स्कॉटलंडमधल्या क्लबांची मध्यवर्ती संस्था १८३८ साली एडिंबरोत स्थापन झाली, म्हणजे वेळापत्रकं लावण्याचा त्यांचा हात किती जुना ते बघा.

त्या वेळापत्रकातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की लीगमध्ये हरणारा घरी जात नाही. आपल्या गणपतीतल्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिल्या रात्री सोळांतले आठ बाहेर, दुसऱ्या रात्री आणखी चार. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच वर्षात एक सामना खेळतो. आमच्याकडे पहिली चार वर्षं हेच चाललं. पाचव्या वर्षी सभासद नऊवर आले, तेव्हा डोळे उघडले.

आता हिशेब. सोळा जणांनी प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर १२० सामने होतात. दोन बोर्डांवर ते सलग रेटत बसाल तर माणसं कंटाळतील. त्यापेक्षा आठ-आठांचे दोन गट करा. एका गटात २८ सामने, आठवड्याला चार धरले तर सात आठवडे. एका गटाला मंगळवार, दुसऱ्याला शुक्रवार. दोन बोर्ड, प्रत्येकावर दोन सामने, आठ वाजता बसलात की साडेनऊ-पावणेदहाला जेवायला घरी. सात आठवडे झाले की दोन्ही गटांतले वरचे चार एकत्र आणि खालचे चार एकत्र करून पुन्हा सात आठवडे. म्हणजे जो अकराव्या क्रमांकावर आहे, त्यालाही हंगामात चौदा सामने मिळतात, आणि निम्मे आपल्या तोडीच्या माणसांशी.

सामना लहान ठेवा. नियमाप्रमाणे २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे. तसं खेळलात तर एका सामन्यालाच रात्र जाईल. आम्ही चार बोर्ड खेळतो, प्रत्येकाचा ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, दोनदा. सामना जिंकला तर लीगचे दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक. बोर्डात राणीचे तीन गुण नेहमीप्रमाणेच. फक्त वहीत दोघांचे बोर्डांवरचे एकूण गुण लिहायला विसरू नका, शेवटी बरोबरीचे क्रमांक त्यावरूनच सुटतात.

तारखा पंचांग बघून ठरवा. आम्ही कोजागिरीनंतरच्या मंगळवारी सुरू करतो, दिवाळीचा आठवडा सोडतो आणि होळीच्या आत सगळं उरकतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड, पुढे गावोगावच्या जत्रा, तेव्हा कोणी बोर्डावर बसत नाही, बसूही नये.

जोड्यांची स्पर्धा डिसेंबरातल्या एका रविवारी घ्या. वरच्या आठांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, खालच्या आठांच्या दुसऱ्यात, एकेक उचलायची. नवख्याच्या समोर अनुभवी भिडू बसला की त्या एका दिवसात तो जे शिकतो, ते सहा महिने नुसतं बघून येत नाही. पॉइंट्सची स्पर्धाही उचलण्यासारखी आहे. तिकडे एकटा खेळाडू ठरवून दिलेले शॉट्स खेळतो आणि प्रत्येकाला गुण. आपण खडूने बारीक खुणा करून सोंगट्या मांडायच्या. एक सरळ, एक कट, एक डबल, एक पाठीमागची, एक राणी आणि लगेच कव्हर, म्हणजे तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी. सगळ्यांना सारखीच मांडणी. आमच्याकडे ही स्पर्धा दोनदा एका बाईंनी जिंकली, ज्या तोवर लीगमध्ये कधी पहिल्या सहांत आल्या नव्हत्या. हात त्यांचा पहिल्यापासून चांगलाच होता, समोर माणूस बसला की गडबडायच्या. ते त्या दिवशी त्यांनाही कळलं. आता त्या पाचव्या आहेत.

प्रश्न : आम्ही लीग लावली, पण जानेवारीपर्यंत खालचे चार-पाच जण येईनासे झाले. वरच्यांना फुकटचे गुण मिळाले आणि भांडणं झाली. – एक वाचक, कराड

उत्तर : दोन गोष्टी करा. चुकलेला सामना पुढच्या आठवड्याच्या आत खेळायचाच, नाहीतर गुण समोरच्याला, हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावा. रात्रपाळीवाल्यांना अदलाबदलीची मुभा द्या. आमच्यात एक एसटीचे वाहक आहेत, त्यांची ड्युटी लागली की आम्ही रविवारी सकाळी बोर्ड मांडतो. तक्रार कोणीही करत नाही.

दुसरी गोष्ट नियमाने होत नाही. कर्लिंगच्या क्लबांत सामना संपला की दोन्ही संघ एकत्र बसतात आणि जिंकलेले हरलेल्यांना पाजतात, अशी जुनी रीत आहे. आम्ही ती चहावर आणली. जिंकणाऱ्याने चहा सांगायचा आणि कप संपेपर्यंत दोघांनी उठायचं नाही. आमचे एक दूधवाले सभासद एका हंगामात ओळीने अकरा सामने हरले. पहाटे चारला उठणारा माणूस, रात्री साडेनऊला डोळे मिटायचे. तरी आले. बारावा सामना पहिल्या क्रमांकाशी होता. शेवटचा बोर्ड, राणी त्यांनी घेतलेली, कव्हरला एकच काळी, तीही पॉकेटच्या कडेला पांढरीच्या आड अर्धी झाकलेली. त्यांनी स्ट्रायकर पंच्याच्या कपड्याने पुसला, रेषेवर दोनदा सरकवला, आणि इतका हलका सोडला की आम्हाला आवाजही आला नाही. काळी गेली, पांढरी जागची हलली नाही. त्या दिवशी चहा त्यांनी सांगितला, सोळा कप. वहीतलं ते पान मी अजून उघडतो, तारखेपुढे चहाचा डाग आहे.

म्हणून तुमच्या कराडच्या चार-पाच जणांना फोन करू नका, घरी जा. न येण्याचं कारण बहुतेक वेळा हार नसतंच. वेळ गैरसोयीची असते, नाहीतर कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं.

प्रश्न : पावसाळ्यात बोर्ड चालतच नाही. पावडर किती टाकावी? – एक वाचक, कोयनानगर

उत्तर : तुमच्या पावसापुढे पावडर काय करणार! प्लायवूड ओल धरतं, त्यावर जास्त पावडर टाकली की तिचाच चिखल होतो. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतो. कोरड्या खोलीत सपाट ठेवा. खेळायच्या अर्धा तास आधी वरचा पिवळा बल्ब लावा, मग सुती फडक्याने एकाच दिशेने पुसा. बोरिकची पावडर चिमूटभर, चारी बाजूंना. अंगाची सुगंधी पावडर अजिबात नको, ती चिकटते. कर्लिंगवालेही सामन्याआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपून बारीक खडे तयार करतात, तेव्हा कुठे दगड नीट सरकतो. हे काम त्यांच्याकडे जाणता माणूसच करतो. तुमच्याकडेही ते एकाच्याच हाती सोपवा, आणि जून ते सप्टेंबर लीगचा एकही सामना ठेवू नका.