लक्षद्वीपला जाताना आईला बोट लागेल का?

प्रश्न : आम्ही देवगडला राहतो. मी, पत्नी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई असे चौघे लक्षद्वीपला जाण्याचा विचार करीत आहोत. मुलाने चित्रात पाहिलेले निळे लॅगून, म्हणजे बेटालगतचे उथळ पाणी, त्याला प्रत्यक्ष पाहायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत जावे की मे महिन्यात? कोचीहून जहाजाने तीन बेटे दाखवणारी सहल बरी की विमानाने जावे? आईला बोट लागते, शिवाय तिचे एकादशीचे उपास असतात. परवान्याचे काय करावे लागते? — एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या सर्व प्रश्नांत आईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुटला की बेट, वाहन आणि मुक्काम या तिन्ही गोष्टी आपोआप ठरतात. कोचीहून निघणाऱ्या जहाजाच्या पाच दिवसांच्या सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे दाखवतात. दिवस बेटावर आणि रात्र जहाजावर, असा तिचा क्रम असतो. मोठे जहाज बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआत येऊ शकत नसल्यामुळे ते बहुधा बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना हलत्या शिडीवरून लहान होडीत उतरून धक्क्यापर्यंत जावे लागते. आगबोट बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसे पडावातून किनाऱ्याला यायची, ते कोकणातले दिवस आईंना नक्कीच आठवत असतील. त्यांनाच विचारा, की या वयात तीच चढउतार रोज दोनदा करणे झेपेल का. माझे मत विचाराल तर ही सहल टाळावी. कोचीहून विमानाने सुमारे दीड तासात अगत्तीला पोहोचता येते. लक्षद्वीपमधला एकमेव विमानतळ तिथेच आहे आणि धावपट्टीला लागूनच लॅगून आहे, त्यामुळे त्याच बेटावर मुक्काम केल्यास आईंना पुन्हा मोठ्या पाण्यात जावे लागणार नाही. आपण तिघांनी वाटल्यास एक दिवस होडीने जवळच्या बंगारम बेटावर जाऊन यावे. तीन बेटे धावत पाहण्यापेक्षा एकाच लॅगूनच्या काठी चार दिवस राहण्यात अधिक आनंद आहे, असे मला मनापासून वाटते.

भूगोलाच्या पुस्तकांत लॅगूनला खाजण म्हटलेले असते, पण आपल्याकडे खाजण म्हणताच कांदळवन, चिखल आणि खेकडे डोळ्यांसमोर येतात, म्हणून मुलाला आधी फरक समजावून सांगावा. इथे गाळ आणणारी एकही नदी नाही. बुडालेल्या प्राचीन डोंगरांच्या माथ्यांवर प्रवाळाने हजारो वर्षे बांधलेले कडे आहे. त्याच्या पूर्वेकडील भागावर बेटाची अरुंद पट्टी आहे, तर पश्चिमेकडे कड्याने अडवलेले उथळ, स्वच्छ पाणी आहे. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते आणि लॅगूनचे पाणी मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. मुलाला मूठभर वाळू हातात घेऊन नीट पाहायला सांगा. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत खडकाची काळी-तांबूस कणी असते, तर तिथली वाळू म्हणजे प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा पांढरा चुरा आहे. त्यातील बरीचशी पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून मागे टाकलेली असते.

हंगामाचे कारणही याच रचनेत आहे. लॅगून पश्चिमेच्या बाजूला असल्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा थेट कड्यावर आपटतात आणि आतबाहेर जाण्याची वाट धोक्याची होते. म्हणून पर्यटनाची जहाजे साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच चालतात. दिवाळीच्या दिवसांत तिकडे परतीचा पाऊस आणि वादळे असू शकतात. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने लक्षद्वीपला झोडपले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कित्येक होड्या आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या होत्या, हे आपल्याला आठवत असेल. मे महिन्यात उकाडा असह्य होतो आणि हंगामही संपत आलेला असतो. त्यामुळे वर्गशिक्षकांशी बोलून जानेवारीत आठवडाभराची रजा घ्यावी. तेव्हा समुद्र शांत आणि पाणी नितळ असते.

१९६७ च्या नियमांनुसार बेटांचे मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो, मग तो भारतीय नागरिक असला तरी. मुक्कामाची सोय करणारी नोंदणीकृत संस्था बहुधा परवान्याचे कामही पाहते. आधी मुक्काम आणि परवाना पक्का करावा, मग विमानाचे तिकीट आणि शेवटी रेल्वेचे आरक्षण करावे, हा क्रम उलटू नये. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसच्या नावात लक्षद्वीप असले तरी ती एर्नाकुलमपर्यंतच जाते. त्याआधीच्या आलुवा स्थानकावर उतरलात तर कोचीचा विमानतळ जवळ पडतो. गाडीला उशीर झाला तरी विमान चुकू नये, म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा. विमान लहान असते, तेव्हा तिकिटावरील सामानाची मर्यादा आधीच पाहून ठेवावी.

आईंच्या उपासासाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे आणि भिजवून खाता येईल असा साबुदाणा घरूनच न्यावा, कारण बेटावर नारळ आणि मासे मुबलक असले तरी बहुतेक भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो. नेहमीची औषधे परतीच्या प्रवासाला उशीर झाला तरी पुरतील इतकी जवळ असू द्यावीत. पाणी मात्र जपूनच वापरावे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्याचा उपसा वाढला, की आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरींप्रमाणे तिथल्या विहिरींचेही पाणी मचूळ होते. अगत्तीवर दारूला बंदी आहे. वस्ती मुस्लिमांची आहे, तेव्हा गावात फिरताना अंगभर कपडे घालावेत.

मुलाच्या पोहण्याचे दिवस तिथीवरून ठरवावेत. अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या भरतीला, कड्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ कमी असते, तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती जोराची असते. ओहोटीला प्रवाळ पावलांशी येतो, म्हणून त्यावर उभे न राहता पोटावर तरंगत पाहायला मुलाला आधीपासून शिकवावे. आईंना काचेच्या तळाच्या होडीतून हेच सारे कोरड्या पायांनी पाहता येईल. लॅगूनमध्ये पाणी संथ असल्याने होडी फारशी हलत नाही, तरीही आल्याचा तुकडा त्यांच्या पिशवीत असू द्यावा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलाने खिशात घातला तर तो तिथेच ठेवायला लावावा, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ संरक्षित आहे आणि मेलेला तुकडाही सोबत आणता येत नाही. त्याऐवजी त्याच्या हाती एक वही आणि रंगीत पेन्सिली द्याव्यात.