घरी पेडलबोर्ड बनवताना पेडलं कोणत्या क्रमाने लावावीत, की सगळी विकून एक मल्टी-इफेक्ट घ्यावा?

विकू नका. हे आधी सांगून टाकतो, क्रमाचं मागाहून.

तुम्ही दापोलीचे, पाच पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायाने दाबायचे डबे, जमवलीत (सूर जुळवायचा ट्यूनर, 'वा-वा' करणारा वाह, आवाज फाडणारी म्हणजे डिस्टॉर्शनची ट्यूब स्क्रीमर आणि डीएस-१, आणि प्रतिध्वनी देणारा डिजिटल डिले), ती मांडायचा बोर्ड लाकडाचा घरीच करायचाय, आणि ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोय की हा पसारा विक आणि एक मल्टी, म्हणजे सगळे इफेक्ट एकाच डब्यात असलेलं मशीन, घे. हा 'कोणीतरी' माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. आमच्याकडे तो कीबोर्ड वाजवायचा आणि नात्याने माझा मामेभाऊ लागतो.

आमचा ऑर्केस्ट्रा मालवणच्या बाजूचा, आठ जणांचा. लग्नं, सत्यनारायण, गणपती, मिळेल ते. सीझन नारळी पौर्णिमेला उघडायचा. त्या वर्षी मी पहिल्यांदा बोर्ड केला होता. त्याआधी पेडलं पिशवीतून न्यायचो आणि स्टेजवर पसरायचो, म्हणजे गाणं सुरू झालं की डिले एकीकडे आणि वाह दुसरीकडे सरकलेला. म्हणून गावातल्या सुताराकडे फणसाची फळी घेऊन गेलो. वाळलेली, चांगली पिवळीधमक. त्याला सांगितलं, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, आणि मागची बाजू तीन इंच वर पाहिजे. त्याने मान डोलावली. चार दिवसांनी गेलो तर फळी चारी बाजूंनी सारखी, खाली चार गोल पाय, कडेला नक्षीसुद्धा. मी म्हटलं, उतार कुठाय? तर म्हणतो, "देवाक ठेवूचो पाट असो वाकडो कित्याक?" त्याला वाटलं होतं मी गणपतीसाठी चौरंग सांगितलाय आणि माप सांगताना गडबडलोय, म्हणून त्याने बिचाऱ्याने माझी चूक सुधारून दिली. शेवटी मागच्या दोन पायांखाली ठोकळे मारले. बोर्डाला आमच्यात आजतागायत चौरंगच म्हणतात.

लाकडाचं इथेच आटपतो. साधा प्लाय आपल्या पावसात सुटतो, एमडीएफ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं. आंब्याच्या पेटीच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून मोहात पडू नका, खिळे गंजतात आणि स्क्रू धरत नाही. फणस जड आहे, एसटीतून नेताना खांदा दुखतो, पण वर्षानुवर्षं हलत नाही. वेल्क्रोचा गोंद एप्रिल-मेच्या उकाड्यात पातळ होतो आणि पेडल सरकायला लागतं. सायकलच्या दुकानातून जुनी चेन मागून घ्या आणि तोडा. तिची एकेक पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते. एका भोकातून पेडलच्या बुडाचा स्क्रू, दुसऱ्यातून लाकडात स्क्रू. एका पेडलला चार पट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्याला. वरून नाचलात तरी हलायचं नाही. बुडाचे मूळ स्क्रू कधी कधी आखूड पडतात, तेव्हा त्याच जाडीचे जरा लांब बघून आणा.

तर ती नारळी पौर्णिमा. संध्याकाळी बंदरावर नारळ सोडून लोक आलेले, पावसाची एक सर येऊन गेलेली, स्टेज जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून केलेलं. बाजूला देवाची पालखी, त्यामुळे आम्ही सगळे अनवाणी. वीज जनरेटरची. तिसरं गाणं कोळीगीत होतं, त्यात मधल्या म्युझिकला मी डीएस-१ दाबून सोलो घ्यायचो. तो तुकडा मी महिनाभर घोटलेला. दाबलं. आणि स्पीकरमधून गिटारऐवजी एक 'घूंऽऽऽ' आलं, असं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. पुन्हा दाबलं, आवाज तसाच. साउंडवाल्याने माझी लाइन खाली ओढली. मामेभाऊ कीबोर्डवरून, माइक चालू असताना, ओरडला, "डबे बंद कर रे आधी तुझे!" सगळ्या गावाने ऐकलं. उरलेले दोन तास मी गिटार थेट मिक्सरला लावून कोरडी वाजवली.

त्याच रात्री कोरस द्यायला माइकजवळ तोंड नेलं तर ओठाला मुंगी चावल्यासारखा झटका बसला. हे जरा नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नापेक्षा हे महत्त्वाचं आहे. घूं बंद व्हावा म्हणून साउंडवाल्याने एका थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकली होती. आपल्याकडे बरेच जण हे करतात आणि वर अक्कलहुशारी म्हणून सांगतात. गिटारच्या तारा आतून ग्राउंडला, म्हणजे अर्थला, जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचा हात अँपच्या किंवा मिक्सरच्या अर्थवर, ओठ दुसऱ्या अर्थवर आणि पाय ओल्या दगडावर. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच माइकला हात लावून गेला, ते अर्थिंग नसल्यामुळेच. मी आता बॅगेत टेस्टर ठेवतो आणि वाजवण्याआधी माइकच्या जाळीला लावून बघतो. दिवा लागला तर वाजवत नाही. मंडळ चिडलं तर चिडू दे.

परत घूंवर. मामेभावाचं निदान त्याच रात्री ठरलं : पाच डबे, पाच वायरी, एका अडाप्टरवर सगळी माळ, म्हणून गुरगुर. "पाच डबे घेवन फिरतस, एक मल्टी घे आणि गप रव." हे वाक्य त्यानंतर मी दोन लग्नांत, एका बारशात आणि आजोबांच्या वर्षश्राद्धालासुद्धा ऐकलं. तोवर मलाही वाटायला लागलं होतं की अडाप्टरच असणार. चांगले पैसे मोजून आयसोलेटेड पॉवर सप्लाय मागवणार होतो, म्हणजे ज्यात प्रत्येक पेडलला आतून वेगळा पुरवठा मिळतो तो.

मागवण्याआधी घरी ओटीवर बसून एकेक पेडल बॅटरीवर लावून पाहिलं. ही युक्ती लिहून ठेवा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घातली आणि गुरगुर गेली, तर दोष अडाप्टरचा. गेली नाही, तर आणखी कुठला. माझी गेली नाही. मग वायरी बदलत गेलो आणि शेवटच्या पेडलमधून मिक्सरला जाणाऱ्या वायरीचा प्लग उपसला. टोक चकचकीत, पण मागची दांडी, जिथे जॅकची कडी टेकते तिथे, हिरवी. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कडेला जसा कळंक चढतो ना, तसा. जून-जुलैभर मी तो प्लग बोर्डात तसाच खोचून ठेवला होता, वर चादर घालून, पडवीत. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. वरचं निकेल झिजलेलं, आत पितळ, बाहेर खारी दमट हवा. पायाने डीएस-१ दाबला की बोर्ड हादरायचा, ग्राउंड सुटायचं, आणि घूं.

आईने तो प्लग समईबरोबर चिंचेने घासून दिला. सोन्यासारखा झाला आणि आठवड्याभरात दुप्पट कळकला, तेव्हा तो उपाय नको. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, प्लगवर आणि जॅकमध्ये मारून प्लग चार वेळा आत-बाहेर करायचा. पावसाळ्यात प्लग उपसून ठेवायचे. औषधाच्या आणि चपलांच्या खोक्यातल्या त्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या मी आता साठवतो आणि बोर्डाच्या पेटीत टाकतो.

आता मला सांगा, तोच प्लग मल्टीला खोचलेला असता तर काय वेगळं झालं असतं? घूं आलाच असता. फक्त एका डब्यातून आला असता.

बरं, क्रम. ट्यूनर, वाह, ट्यूब स्क्रीमर, डीएस-१, डिले. ट्यूनर आधी, कारण त्याला गिटारचा स्वच्छ सिग्नल लागतो आणि त्यात बफर, म्हणजे सिग्नल जपणारं छोटं सर्किट, असेल तर लांब वायरीत हरवणारा वरचा, तिखट आवाज वाचतो. डिले शेवटी, कारण डिलेनंतर डिस्टॉर्शन लावलंत तर प्रतिध्वनीसुद्धा फाटतात आणि सगळ्याची खिचडी होते. वाह डीएस-१ च्या आधी ठेवलात तर बोलल्यासारखा येतो, नंतर ठेवलात तर कर्कश. दोन्हीकडे लावून स्वतःच्या कानाने ठरवा, ज्याला त्याला विचारू नका. ट्यूब स्क्रीमरचा गेन (आवाज किती फाडायचा ते बटण) खाली, व्हॉल्यूम वर करून त्याने डीएस-१ ला ढकललं तर सोलो घट्ट येतो, म्हणून तो आधी. पुढेमागे जुन्या घाटाचा फझ (जाडजूड फाटका आवाज देणारं पेडल) घेतलात तर तो ट्यूनरच्याही आधी, त्याला बफर आवडत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कोणी सांगणार नाही. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी गिटारला अँपच नसतो, साउंडवाला लाइन घेतो थेट मिक्सरला. स्पीकर कॅबिनेटशिवाय, गिटार अँपच्या स्पीकरच्या पेटीशिवाय, डीएस-१ म्हणजे डब्यात कोंडलेला भुंगा. मग लोक म्हणतात पेडल वाईट. १९७८ पासून ते नारिंगी पेडल बनतंय, ते वाईट नाही, त्याच्यापुढे कॅबिनेट नाही. बोर्डावर शेवटी एका कॅब सिम्युलेटरची, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या डब्याची, जागा आत्ताच सोडा.

वीजपुरवठ्याचं सांगायचं तर ट्यूनरला सुमारे ३०, डिजिटल डिलेला ६५ च्या आसपास, बाकी तिघांना मिळून वीसेक मिलीअँपिअर. ५०० मिलीअँपिअरच्या साध्या अडाप्टरला हे जड नाही. आधी माळेवरच लावा. डिलेमधून किणकिण ऐकू आली तर फक्त डिलेला वेगळा अडाप्टर द्या, काम झालं. फक्त अडाप्टर ९ व्होल्टचा आणि आतली पिन मायनस हवी. राउटरचा अडाप्टर दिसायला तसाच असतो, बहुतेक वेळा १२ व्होल्टचा आणि आत प्लस. तो खुपसून आमच्या बेस वाजवणाऱ्याने एक कोरसचं पेडल जाळलं, तेही माझ्याकडून उसनं घेतलेलं.

जागेचा हिशेब : डीएस-१ सारखं पेडल ७३ मिलिमीटर रुंद, वाह दहा सेंटिमीटर, मध्ये चपट्या काटकोनी प्लगला अडीच-तीन सेंटिमीटर. दोन फुटांत पाच बसतात आणि कॅब सिम्युलेटर दाटीवाटीने. गिटारची वायर उजवीकडून आत जाते, म्हणून ट्यूनर उजव्या टोकाला. डावीकडून उजवीकडे लावून मग 'उलटं वाजतंय' म्हणणारे मी पाहिलेत. सुताराला उतार कागदावर काढून द्या, तोंडी नको.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी. रात्री दोनला एसटी पकडून घरी यायचं असेल आणि प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज लागत असेल, तर मल्टी सोयीचा आहे. मीही एका सीझनला भाड्याने वापरला, तक्रार नाही. दुसरं म्हणजे, मी प्लग मोजले. पाच पेडलांच्या बोर्डात गिटारची वायर, चार छोट्या वायरी आणि बाहेर जाणारी, मिळून बारा प्लग. मल्टीत चार. कळकायला बारा जागा आणि चार जागा यात फरक आहे, हे मामेभावाला मी अजून सांगितलेलं नाही. तो आता पुण्याला असतो, हे वाचणार नाही असं धरून चालतो.

पण त्या रात्री त्याच्या कीबोर्डाचा अडाप्टर दोन पिनचा होता आणि तो माझ्याच विजेच्या एक्स्टेंशन बोर्डात खोचलेला होता, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.