तुलंबेनचे जहाज आणि त्याभोवतीचे मासे

प्रश्न : तारकर्लीला प्रशिक्षकाच्या आधाराने मी एकदा स्कूबा डायव्हिंग केले आहे. आता आम्ही बालीला जात आहोत. तिथल्या तुलंबेनच्या बुडालेल्या जहाजावर एवढे मासे का जमतात आणि मला ते पाहता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : 'लिबर्टी' या अमेरिकी मालवाहू जहाजावर ११ जानेवारी १९४२ रोजी बाली आणि लोंबोक बेटांमधल्या लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. सिंगराजा बंदराकडे ओढून नेताना ते तग धरणार नाही असे दिसल्यावर ते तुलंबेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले आणि तिथेच राहिले. त्याला समुद्रात लोटले ते युद्धाने नव्हे, तर १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर बसलेल्या हादऱ्यांनी. माहितीपत्रकांतील 'युद्धाचा अवशेष' हे वर्णन म्हणून अर्धेच खरे आहे.

माशांचे कारणही काही अंशी त्या ज्वालामुखीतच आहे. इथला तळ ज्वालामुखीच्या काळ्या, सरकत्या वाळूचा असल्याने प्रवाळांच्या आणि स्पंजांच्या अळ्यांना चिकटून वाढायला पक्का आधार सहसा मिळत नाही. तो सुमारे सव्वाशे मीटर लांबीच्या या पोलादाने पुरवला. प्रवाळ वाढले, कोठारांच्या फटींत लहान मासे आसऱ्याला आले आणि त्यांच्यामागून शिकारी मासेही आले. शिवाय लोंबोक सामुद्रधुनीतून पॅसिफिककडचे पाणी सतत हिंदी महासागरात येत असते, त्यामुळे प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणाऱ्यांना अन्नाची वाण पडत नाही. मोठ्या डोळ्यांच्या ट्रेव्हालींचे थवे इथे गोल फिरताना दिसतात. कपाळावर टेंगूळ असलेले बंपहेड पॅरटफिश रात्री सांगाड्यात झोपतात, त्यामुळे त्यांना पाहायचे तर पहाटेच पाण्यात उतरावे. दुपारी जहाजावर माशांपेक्षा पर्यटकच अधिक भेटतात.

जहाजाचा माथा जेमतेम पाच मीटरांवर, तर खालचा भाग तिसाच्या आसपास आहे. तारकर्लीच्या अनुभवावर तुम्हाला प्रशिक्षकासोबत वरचा भाग पाहता येईल, पण त्याखाली जाण्याचा आग्रह धरू नये. प्राथमिक 'ओपन वॉटर' अभ्यासक्रम केल्यास अठरा मीटरपर्यंत जाता येते, आणि माझ्या मते या जहाजासाठी तेवढे पुरेसे आहे. सांगाड्याच्या आत शिरण्यासाठी मात्र वेगळे प्रशिक्षण लागते. परतीचे विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान अठरा तासांनी निघेल, असेच तिकीट काढावे.