नातुरालिस म्हणजे अनौरस नव्हे, पोटचा

लंडनच्या एका मराठी सूनबाईंचा प्रश्न आहे. सासरची वंशावळ शोधताना त्यांना फेब्रुवारी 1684 ची लॅटिन नोंद मिळाली. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या मिळकतीचा कारभार चर्चच्या न्यायालयाने थॉमस नावाच्या मुलाकडे सोपवला. त्याला ‘फिलिओ नातुराली एत लेगितिमो’ म्हटलंय. त्या विचारतात, ‘नॅचरल सन’ म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा ना? मग तोच ‘लेगितिमो’, म्हणजे कायदेशीर, कसा?

घोटाळा इंग्रजीने केलाय. ‘नॅचरल’ला तो वास नंतर चिकटला. रोमन कायद्यात ‘नातुरालिस’चा एक विरुद्धार्थी शब्द ‘आडोप्तिवुस’, म्हणजे दत्तक. तेव्हा नातुरालिस म्हणजे पोटचा, रक्ताचा. लेगितिमुस म्हणजे लग्नाच्या बायकोचा. दोन्ही मिळून? आपला ‘औरस’! उरस् म्हणजे छाती, त्यावरून हा शब्द. मनुस्मृतीतली व्याख्याही नेमकी तीच: विवाहित पत्नीच्या ठायी स्वतः उत्पन्न केलेला पुत्र. लॅटिन कारकुनाला ज्यासाठी दोन विशेषणं लागली, ते आपण एका शब्दात उरकतो. त्यामुळे भाषांतरात ‘नैसर्गिक व कायदेशीर पुत्र’ असलं काही लिहू नका. ‘औरस पुत्र’ लिहा. मात्र ‘नातुराली’ एकटंच आलं, ‘लेगितिमो’ नसेल, तर शंकेला जागा आहे. बाप्तिस्म्याची नोंद काढून बघा.

विभक्तीही बघा, संस्कृत शिकलेल्यांना मजा येईल. ‘फिलिओ’ ही चतुर्थी: मुलाला कारभार दिला. मृत्युपत्राखालच्या शेऱ्यात बहुधा ‘युरामेंतो… फिली’ दिसेल. ती षष्ठी, मुलाच्या शपथेवरून. ‘रेलिक्ता’ म्हणजे मागे राहिलेली, विधवा. ‘दिक्ती देफुंक्ति’ म्हणजे आपल्या खरेदीखतातलं ‘सदर मयताचा’, अगदी तोच थाट.

ही लॅटिन मार्च 1733 पर्यंत चालली. मधे 1651 ते 1660 इंग्रजी होती. आणि हो, तारीख जपून. इंग्लंडात 1752 च्या आधी वर्ष 25 मार्चला बदलत असे, त्यामुळे तुमची फेब्रुवारी 1684 ही आजच्या हिशेबाने 1685. थॉमसचा बाप्तिस्मा किंवा बापाचं दफन शोधताना एक वर्ष इकडेतिकडे झालं की हेच कारण असतं.