मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ ३० वर्षांहून जुनी आहे म्हणे. नाशिकहून आई-बाबांना घेऊन जावं का?

हो, बिनधास्त जा, पण खोली खिडकीची घ्या. ही क्रूझ म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’, १९९०ची, फ्रान्समध्ये बांधलेली. रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीकडे ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होती आणि २०२१पासून आपल्याकडे धावते. वयाची धास्ती नको. प्रवासी जहाजाचा सुरक्षा दाखला जेमतेम वर्षभराचा असतो, दरवर्षी तपासणी होऊनच तो नवा मिळतो. मी आईसोबत याच जहाजाने गेलो होतो, पहिल्या संध्याकाळी वरपासून खालपर्यंत सगळं फिरून पाहिलं. मधला अनेक मजली उंच चौक, त्यातल्या काचेच्या लिफ्ट बघून आई जिन्याचा कठडा धरून कितीतरी वेळ वरच पाहत उभी होती. असं देखणं काम बघायलाच जावं! खोल्या मात्र त्या काळच्या मापाच्या: दोन पलंगांमध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा, त्यामुळे मोठी बॅग नेऊ नका. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झालेली कळत नाही, वयस्कर माणसं कोंडल्यासारखी होतात. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली की सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, टॅक्सीने अगदी जवळ. तरी चेक-इनची वेळ तिकिटावर बघूनच गाडी ठरवा. दोन अटी: आईबाबांना घाटात गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सोबत ठेवा, आणि पावसाळ्याच्या तोंडावरची तारीख घेऊ नका, समुद्र तेव्हा खवळायला लागतो.