किल्ल्यांचा जुडगा

प्रिय,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत ‘मलाच’ हा शब्द अकरा वेळा आलाय. उपासनेची तयारी मलाच, तबलजीच्या विनवण्या मलाच, अर्पण मोजायचं मलाच. आणि चर्च कमिटीतले ते वडील (एल्डर) म्हणाले, “पाळकसाहेब, आम्ही काय नुसत्या सह्यांपुरते?” ते तुला झोंबलं. मला विचारशील तर म्हातारा बरोबर बोलला.

किल्ल्या दे. देऊन टाक.

नगर जिल्ह्यातल्या माझ्या दुसऱ्या मंडळीत चर्चची, दानपेटीची, कपाटाची अशा सात किल्ल्या माझ्याच खिशात असायच्या. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री ताप डोक्यात गेला आणि मला जीपमध्ये घालून नगरला नेलं. जुडगा पॅंटच्या खिशात, पॅंट माझ्या अंगावर. सकाळी लोक झावळ्या घेऊन आले तर दाराला कुलूप. मग उपासना झाली चिंचेखाली. प्रार्थना चालवली एका ऊसतोडणीवाल्या बाईने, तीही माझं नाव घेऊन. ही गोष्ट मी कित्येक वर्षं मंडळीच्या विश्वासाची साक्ष म्हणून सांगत आलो. तो माझ्यावरचा आरोप होता, हे कळायला निवृत्ती उजाडली.

इथ्रोने जावई मोशेला कामं वाटून द्यायला सांगितलं ते मला ऐकवू नकोस, त्यावर तू सेमिनरीत निबंध लिहिला असशील. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाच, सावकाश. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा डावलल्या जात होत्या. बारा प्रेषितांनी वाढपी स्वतः नेमले नाहीत, मंडळीला म्हणाले, तुम्ही निवडा. निवडलेल्या सातांची नावं बघ: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर... सातही ग्रीक! कुरकुर ज्यांची, कोठाराची किल्ली त्यांच्याच हाती.

खुर्च्या लावायला तरुण संघ आणि ठरवायला तू, याला किल्ली देणं म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. गाणी तबलजीला निवडू दे. महिनाभर तीच तीन भजनं म्हणेल, म्हणू दे. अर्पण दोघांनी मोजावं, तिसऱ्याने वहीत लिहावं, तू तिथे थांबूही नकोस. हिशेबात घोळ होईल? होईल. माझ्याकडेही झाला होता, 340 रुपयांचा, आणि मोजणारा मी एकटाच होतो.

तू म्हणशील, साहेब, तुम्ही तर तीस वर्षं जुडगा सोडला नाहीत. अरे, तेव्हा माणसंच नव्हती. चार बुकं शिकलेला पोटासाठी पुण्या-मुंबईला जायचा. मागे राहायचे म्हातारे आणि बायका, त्यांच्यावर काय सोपवणार? (हे मी अजूनही सांगतो. आमच्या घरातून ऐकतात आणि भांडी आवरायला उठतात.) कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, लग्नानंतर अक्षर गिरवलेल्या बाईने. हे मला ठाऊक होतं. व्यासपीठावरून सांगायचोही. खाली उतरलो की खिसा चाचपायचो.

तेव्हा पुढच्या पत्रात मंडळीची गाऱ्हाणी नकोत. कोणती किल्ली कोणाकडे गेली, एवढंच लिही. दानपेटीची आधी, त्या वडिलांकडेच, आणि रविवारी सगळ्यांसमोर. देण्याआधी बाजारात जाऊन तिची दुसरी करून घेऊ नकोस. मी घेतली होती.

तुझा,
निवृत्त पाळक