टाइप केलेली अक्षरे भलत्याच विंडोत जातात. नुसता माउस नेल्यावर विंडो निवडली जावी अशी सोय घ्यावी का?

एका विंडोत सातबारा आणि दुसऱ्या विंडोत अर्ज ठेवून माहिती भरताना अक्षरे मधेच भलतीकडे जातात, असे आपण लिहिले आहे. चिमूर तालुक्यातील एका गावात मी सेवा केंद्र चालवतो, तेव्हा हा प्रश्न माझ्याही रोजच्या कामातला आहे. आपण विचारलेली सोय आहे, पण माझ्या मते केंद्राच्या संगणकावर ती घेऊ नये.

विंडोजमध्ये जिच्यावर क्लिक करावे ती विंडो समोर येते आणि टायपिंगही तीच घेते. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, कारण १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात सुरू झालेल्या, पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीने हा निर्णय विंडो सांभाळणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामवर सोपवला. त्यामुळे मागे अर्धवट झाकलेल्या विंडोवर माउस नेऊन, तिला पुढे न आणताही तिच्यात लिहिता येते. ज्याला दिवसभर एकट्यानेच काम करायचे आहे, त्याच्यासाठी ही रीत मला क्लिकपेक्षा सरस वाटते.

विंडोजमध्ये हीच सोय कंट्रोल पॅनेलमधील ‘इझ ऑफ अ‍ॅक्सेस’ या भागात, माउसच्या पर्यायांत मिळते. मात्र तिथे माउस नेलेली विंडो वरही येते आणि हातातला अर्ज झाकून टाकते. त्यात वीज गेली की आपण लॅपटॉपवर येतो, आणि टचपॅडला तळहात नुसता घासला तरी कर्सर सरकून आधार क्रमांकाचे उरलेले आकडे शेजारच्या विंडोत पडायचे. समोर दाखल्यांसाठी रांग असताना हे कोणाला परवडेल?

खरे तर आपली गरज निराळी आहे. विंडोजची कळ दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबल्यास दोन्ही विंडो शेजारी-शेजारी बसतात, आणि विंडोज १० पासून माउसचे चाक न निवडलेल्या विंडोतही चालते. म्हणजे सातबारा वरखाली करावा आणि टायपिंग अर्जातच राहावे. हा पर्याय माउसच्या सेटिंगमध्ये चालू आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

सेटिंगमधील रंगांच्या भागात शीर्षकपट्टीला रंग देण्याचा पर्यायही निवडावा. तो रंग फक्त निवडलेल्या विंडोला मिळत असल्यामुळे अक्षरे कुठे उमटणार हे लिहिण्याआधीच दिसते. शिवाय कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा ठेवता येते, त्यामुळे अर्ज मराठीत आणि शोध इंग्रजीत करताना दर वेळी भाषा बदलावी लागत नाही.